ओझे ओढण्याचा व्यायाम : प्रस्तावना

कमरेला किंवा खांद्याला दोर बांधून जमिनीवर टेकलेले ओझे ओढत चालणे किंवा पळणे हा पायांची ताकद आणि दम एकाच वेळी वाढवणारा व्यायाम आहे. ओझे टायरचे असो, लाकडी फळीचे, दगडाचे किंवा व्यायामशाळेतल्या लोखंडी घसरगाडीचे, तत्त्व एकच राहते. वजन उचलताना शरीर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध झगडते, तर ओझे ओढताना घर्षणाविरुद्ध. फरक वरवर लहान वाटतो, पण या व्यायामाचे बहुतेक गुण आणि जवळजवळ सगळ्या मर्यादा त्यातूनच निघतात. किती किलो ओढले हा प्रश्न इथे दुय्यम ठरतो. कुठल्या जमिनीवर ओढले, हे आधी विचारावे लागते.

व्यायाम म्हणून ओळख मिळण्याआधी ओढणे हे शेतकाम होते. नांगरटीनंतर ढेकळे फोडायला आणि रान सारखे करायला बैलांच्या मागे मैंद किंवा फळी फिरवतात, आणि तिचे वजन वाढवायला माणूस तिच्यावर उभा राहतो. कुस्तीच्या तालमीत हीच युक्ती बैलांशिवाय चालते. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या खड्ड्यातली, माती खोऱ्याने उकरून झाली की ती पुन्हा सपाट करावी लागते. त्यासाठी जड फळी किंवा ओंडका दोराने ओढतात आणि वजनाला एखाद्या पोराला वर बसवतात. बनारसच्या आखाड्यांवर जोसेफ ऑल्टर यांनी ‘द रेसलर्स बॉडी’ (१९९२) हा ग्रंथ लिहिला. माती खणणे आणि सपाट करणे हे तिथल्या पैलवानांच्या रोजच्या मेहनतीचेच अंग असल्याचे त्यातून दिसते. महाराष्ट्रातल्या वस्तादांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. जोर आणि बैठका मोजून मारल्या जातात, हौदा मात्र मोजून खणत नाहीत. काम पुरे होईपर्यंत ते करायचे असते. गादीवरची कुस्ती वाढली तसा हा भाग मागे पडला. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत आजही माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोहोंचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. पण गादीवर तयार होणाऱ्या मल्लाच्या वाट्याला खोरेही येत नाही आणि फळीही नाही. पायांचे ते काम त्याला दुसरीकडून भरून काढावे लागते.

ओढण्याचे सर्वांत भव्य मराठी रूप बारागाड्यांचे. खानदेशात आणि राज्याच्या इतर काही भागांत खंडोबाच्या आणि इतर ग्रामदैवतांच्या यात्रेत एकामागे एक जोडलेल्या बारा बैलगाड्या नवसाचा मान असलेला भगत ओढतो. गाड्यांवर माणसे चढलेली असतात आणि बाजूने भाविकांचे हातही लागतात. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी हा प्रकार समजण्यासारखा आहे. चाकावरचे ओझे घसरत नाही, लोळत पुढे जाते, आणि लोळण्याला होणारा विरोध घसरण्याच्या मानाने फारच थोडा असतो. गाड्या हलवणे अवघड असते. एकदा हलल्या की त्या थांबवणे त्याहून अवघड. या प्रथेत अपघात घडतात ते बहुधा याच दुसऱ्या टप्प्यात. शाळेच्या किंवा क्लबच्या मैदानावर खेळपट्टीचा रूळ ओढणाऱ्या मुलांचा अनुभवही असाच असतो. पायांच्या व्यायामासाठी चाक नसलेले ओझे चांगले. ओढणारा थांबला की सपाट जमिनीवर तेही थांबते, आणि ही सुरक्षितता बारबेलमध्येसुद्धा नाही.

आधुनिक व्यायामशाळेत हा प्रकार रुजला त्याचे बरेचसे श्रेय अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात ‘वेस्टसाइड बार्बेल’ चालवणारे लुई सिमन्स (१९४७–२०२२) यांच्याकडे जाते. फिनलंडचे बलदंड लिफ्टर जंगलातले ओंडके ओढण्याचे काम करत, असे कानावर आल्यावर आपण घसरगाडी वापरायला लागलो, अशी हकीकत ते सांगत. धावपटूंच्या प्रशिक्षणात ती वेगळ्या वाटेने आली, सुरुवातीच्या काही पावलांचा जोर वाढवण्यासाठी. या दोन्ही वाटा आज ग्रामीण महाराष्ट्रात एका जुन्या टायरपाशी येऊन मिळाल्या आहेत.

पुणे जिल्ह्यातल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत टायर मिळवायला लांब जावे लागत नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा अशा साखर कारखान्यांचा हा टापू आहे. उसाची वाहतूक ट्रॅक्टर-ट्रॉलींवर आणि टायरच्या बैलगाड्यांवर चालते. ऊसतोडीच्या टोळ्यांमध्ये ‘टायर सेंटर’ हा एक प्रकारच आहे. हंगाम संपला की झिजलेले टायर पंक्चरच्या दुकानाबाहेर रचलेले दिसतात. मोटारीचा टायर साधारण ७ ते १० किलोंचा, ट्रकचा ४० ते ६० किलोंचा. मोटारीच्या टायरमध्ये दगड किंवा मातीचे पोते ठेवले की मधली सगळी वजने मिळतात.

टायर ओढणारे बहुतेक जण पैलवान नसून भरतीची तयारी करणारी मुले-मुली असतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. पुरुषांना १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५ गुण. महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर. राज्य राखीव पोलीस दलाला ५ किलोमीटर धावावे लागते. त्या दलाचे दोन गट आणि नानवीजचे प्रशिक्षण केंद्र शेजारच्या दौंड तालुक्यातच असल्याने या भागात त्या भरतीचे आकर्षण मोठे आहे. सैन्यातल्या अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटरची धाव असते. पोलीस भरतीत ‘ग्राउंड’, म्हणजे मैदानी चाचणी, निघाले की लेखी परीक्षा, मग निवड. म्हणून सगळा भर ग्राउंडवर, आणि ग्राउंड म्हटले की टायर, अशी समजूत पसरली आहे. तिच्यातली निम्मीच गोष्ट खरी आहे. उरलेल्या निम्म्याचा विचार पुढे येईल.

आधी घर्षणाचा हिशेब. समजा टायर २० किलोंचा आहे आणि कोरड्या मुरमाच्या रस्त्यावर घर्षणांक ०.६ च्या आसपास आहे. तो सरकत ठेवायला सुमारे १२ किलोंची ओढ लागेल. तोच टायर ओल्या गवतावर नेला आणि घर्षणांक ०.३ वर आला की ६ किलो पुरतात. टायर तोच, मुलगा तोच, मेहनत निम्मी. जिरायत पट्ट्यातली, सुपे-मोरगावकडची माळजमीन, नीरा डाव्या कालव्याच्या कडेचा मुरमाड रस्ता, बागायतीतली काळी माती आणि उजनी धरणाच्या फुगवट्याकाठचा गाळ यांवर एकच टायर चार वेगवेगळ्या वजनांचा भासतो. दोन्ही तालुके पर्जन्यछायेत असले तरी परतीच्या पावसात काळी माती अशी चिकटते की टायर घसरतच नाही, तो माती ढकलत जातो, आणि मग घर्षणाचे साधे गणित लागू पडत नाही. टायरपुढे मातीचा बांध तयार होतो आणि ओढ प्रत्येक पावलाला वाढत जाते. डांबरावर घर्षण चढे असते आणि टायर लवकर झिजतो. शिवाय तिथे वाहने असतात, आणि डांबर टाळायला हे कारण एकटेच पुरेसे आहे.

खरी ओढ मोजणे अवघड नाही. पोती तोलायचा हुकाचा काटा दोर आणि टायर यांच्या मध्ये अडकवून संथपणे ओढले की काट्यावर दिसतो तो आकडा म्हणजे पायांवरचे खरे ओझे. टायर सुटतानाचा आकडा नेहमी जास्त असतो, कारण स्थिर वस्तू हलवायला लागणारे घर्षण सरकत्या वस्तूच्या घर्षणापेक्षा मोठे असते. म्हणून प्रत्येक फेरीची सुरुवात झटक्याने न करता दोर आधी ताणून मग पाऊल टाकायचे. झटका बसला तर तो कमरेला बांधलेल्या पट्ट्यातून थेट मणक्यांना लागतो.

दोराची लांबी हा दुसरा, फारसा न बोलला जाणारा मुद्दा. पट्टा जमिनीपासून १ मीटर उंचीवर आहे असे धरू. दोर ५ मीटर असेल तर तो जमिनीशी साडेअकरा अंशांचा कोन करतो आणि वरच्या उदाहरणातल्या टायरला पुढच्या दिशेने जवळजवळ ११ किलोंची ओढ लागते. दोर दीड मीटरचाच असेल तर कोन ४० अंशांच्या पुढे जातो, दोर टायरला थोडा वर उचलू लागतो आणि पुढची ओढ ८ किलोंच्या खाली येते. आखूड दोराने व्यायाम सोपा होतो आणि वर उचलणारा भार कमरेवर येतो, म्हणजे दोन्हीकडून तोटाच. तीन ते पाच मीटर दोर ठीक. पट्टा रुंद हवा. मोटारीच्या सीटचा जुना पट्टा दुमडून शिवला तरी चालतो, पण नुसता कासरा कमरेला आवळून पळणे हे कातडी सोलून घेण्याचे साधन आहे. पट्टा बेंबीवर न बसवता कमरेच्या हाडांवर बसवायचा.

घर्षण ओझ्याखाली असते तसे पायाखालीही असते, आणि ओढण्याची वरची मर्यादा तेच ठरवते. ७० किलोंच्या माणसाच्या बुटाचा घर्षणांक ०.८ धरला तर तो ५६ किलोंपेक्षा जास्त ओढ लावूच शकत नाही. त्यापुढे पाय घसरतो. मांड्यांमध्ये ताकद असूनही ओझे हलत नाही याचे कारण पुष्कळदा तळव्याखाली सापडते. ट्रक ओढण्याच्या स्पर्धांत बुटांकडे इतके लक्ष देतात ते यासाठी.

शरीरात काय घडते हे बैठकेशी तुलना केली की स्पष्ट होते. बैठकेत खाली जाताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार सांभाळतात, वर येताना आखडून भार उचलतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जे दुखते ते मुख्यतः पहिल्या, ताणून भार सांभाळण्याच्या कामामुळे. ओढताना हे काम जवळजवळ नसतेच. प्रत्येक पाऊल ढकलण्याचेच असते. त्यामुळे दमछाक भरपूर होऊनही अंग फारसे आंबत नाही आणि पैलवान दुसऱ्या दिवशी लढतीला उभा राहू शकतो. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीचा दणका बसतो. जड ओझे ओढत चालताना तो बराच कमी असतो, म्हणून ज्यांच्या नडग्या दुखतात अशांना दम टिकवण्यासाठी ही सोयीची वाट आहे. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी लागते. ताणून भार पेलण्याची ताकद वेगाने थांबायला, दिशा बदलायला आणि उडी झेलायला लागते, आणि ती ओढण्याने येत नाही. कबड्डी किंवा खो-खोच्या खेळाडूने बैठका सोडून केवळ टायर धरला तर त्याचे नुकसानच होते.

दिशा बदलली की स्नायू बदलतात. पुढे वाकून ओढताना नितंब, मांडीची मागची बाजू आणि पोटरी यांच्यावर काम पडते. ओझ्याकडे तोंड करून, हाताने दोर धरून किंवा पट्टा पुढून बांधून मागे मागे चालले की मांडीची पुढची बाजू, विशेषतः गुडघ्याच्या वरचा भाग, पेटतो. गुडघ्याच्या जुन्या दुखण्यातून सावरणाऱ्यांना पुष्कळदा हे उलटे चालणे सहन होते, कारण त्यात गुडघा फार खोल वाकत नाही. तरीही दुखापत ताजी असेल तर आधी डॉक्टर, मग टायर. आडवे ओढणे मांडीच्या आतल्या-बाहेरच्या स्नायूंसाठी. ते कमी लोक करतात आणि कुस्तीगिराला त्याचीच जास्त गरज असते, कारण हौद्यात सरळ रेषेत कोणी ढकलत नाही.

आता ओझे किती, हा प्रश्न. धावण्याच्या प्रशिक्षणात दीर्घकाळ एक नियम चालत आला: वेग १० टक्क्यांहून जास्त कमी होईल इतके ओझे लावू नये, नाहीतर धावण्याची ढब बिघडते. अलीकडच्या दशकात या नियमाला धक्का बसला. फ्रान्सचे ज्याँ-बेनुआ मोरँ आणि त्यांचे सहकारी, तसेच न्यूझीलंडमधील संशोधक यांनी शरीराच्या वजनाच्या ८० टक्के आणि त्याच्या आसपासची जड ओझी वापरून पाहिली. पायांची शक्ती सर्वाधिक प्रकट होते ती मोकळ्या वेगाच्या सुमारे निम्म्या वेगावर, असे त्यातून दिसले. सुरुवातीच्या काही मीटरांसाठी जड ओझे उपयोगी पडू शकते, हे मान्य व्हायला त्यामुळे मदत झाली. पण ‘८० टक्के’ हा आकडा उचलून भवानीनगरच्या मुरमावर लावणे चुकीचे आहे. तो विशिष्ट पृष्ठभागावरच्या विशिष्ट घसरगाडीचा आकडा आहे. जमीन बदलली की तो निरर्थक होतो. टिकतो तो वेगाचा हिशेब. मोकळे ३० मीटर ४.५ सेकंदांत आणि टायरसह ५ सेकंदांत होत असतील तर वेग १० टक्क्यांनी उतरला. त्याच अंतराला ९ सेकंद लागले तर वेग निम्मा झाला. हातात घड्याळ असले की वजनकाट्याचीही गरज उरत नाही, आणि पावसाळ्यात जमीन बदलली तरी हा हिशेब आपोआप सांभाळला जातो.

भरतीच्या समजुतीतली उरलेली निम्मी गोष्ट इथे येते. १०० मीटरच्या धावेत पहिल्या वीस-तीस मीटरांना टायरचा फायदा होतो, कारण तिथे शरीर पुढे झुकलेले असते आणि पाय जमीन मागे ढकलत असतात. पुढचे अंतर ताठ शरीराने, जमिनीला अत्यल्प काळ स्पर्श करत कापायचे असते, आणि तिथे टायर फारसा उपयोगी नाही. गोळाफेकीत जोर पायांतून सुरू होतो, त्यामुळे तिथेही थोडा लाभ होतो. परंतु १६०० मीटरच्या धावेत लागणाऱ्या ऊर्जेपैकी चार पंचमांशाच्या आसपास भाग प्राणवायूच्या आधारे तयार होतो. हे इंजिन लांब आणि मध्यम अंतराच्या मोकळ्या धावण्यानेच मोठे होते. टायर बांधून रोज तीन-तीन किलोमीटर रखडत जाणाऱ्या मुलाची धावेची गती न सुधारता टायर ओढण्याची गती सुधारते. शिवाय पाऊल आखूड पडण्याची आणि कमरेत वाकून पळण्याची सवय लागते, जी ग्राउंडच्या दिवशी सोडवत नाही.

म्हणून प्रमाण सांभाळावे लागते. जोरासाठी २० ते ३० मीटरच्या सहा-आठ फेऱ्या, प्रत्येकीनंतर दोन-तीन मिनिटे पुरी विश्रांती. दमासाठी जड ओझे ओढत ४० ते ६० मीटर चालणे आणि एका मिनिटाची उसंत. आठवड्यातून दोन दिवस पुरेत. हा व्यायाम मोकळ्या धावण्याच्या आधी करावा. दमल्यानंतर केला तर ढब बिघडते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिले दोन-तीन आठवडे चालण्यावरच थांबावे. पोटरी आणि टाचेमागची शीर यांना या कामाची सवय नसते आणि स्नायूंच्या मानाने शीर हळू तयार होते. वाढत्या वयाच्या मुलांना हलके ओझे आणि थोड्या फेऱ्या. मोठ्यांशी पैज लावू देऊ नये.

जागा आणि वेळ यांचा विचार या भागात ऋतूप्रमाणे बदलतो. एप्रिल-मेमध्ये ऊन चढायच्या आत व्यायाम उरकावा लागतो. गाळप हंगामात पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, मागचे दिवे बऱ्याचदा नसतात, आणि चालकाला कमरेला टायर बांधलेला पोरगा दिसेलच असे नाही. गावचे मैदान, शाळेचे पटांगण किंवा पडीक रान हीच योग्य जागा. कालव्याच्या भरावावरून ओढायचे असेल तर पाण्याकडची कड सोडून. पट्टा कमरेला आणि टायर पाण्यात अशी वेळ आली तर पट्टा क्षणात सुटायला हवा. गाठीऐवजी हुक वापरण्याचे हे कारण आहे. उतारावर टायर ओढू नये, चाकाचे ओझे तर कधीच नाही.

टायरची निगा थोडी, पण गरजेची असते. झिजलेल्या टायरमधून पोलादी तारा बाहेर येतात आणि मागे फिरताना पोटरीला लागतात. त्या पक्कडीने कापून टाकाव्यात. दोर थेट टायरभोवती गुंडाळला तर जमिनीवर घासून आठवड्याभरात तुटतो. त्याऐवजी टायरच्या पृष्ठभागाला भोक पाडून आतून मोठा वायसर लावून कडीचा बोल्ट बसवला की दोर जमिनीपासून वर राहतो. त्याच वेळी टायरच्या बाजूंना आणखी चार-सहा भोके पाडून ठेवावीत. पावसाचे पाणी टायरमध्ये साचून राहते आणि डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासाला अंडी घालायला तेवढे पुरते. भोके असली की पाणी निथळून जाते. जागा असेल तर व्यायाम झाल्यावर टायर शेडमध्ये उभा करून ठेवावा.